डिस्चार्जच्या कागदावर ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ असे लिहिले असेल तर सही करावी का?

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका)
अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझे वडील (वय 71) जळगावच्या एका खासगी रुग्णालयात दाखल आहेत. प्रकृती स्थिर आहे, पुढचे घरीच करा, असे सांगून रुग्णालयाने उद्याचा डिस्चार्ज ठरवला आहे. मात्र त्यांच्या नाकात आहार देण्यासाठीची नळी (रायल्स ट्यूब) आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे, त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, आणि यातले काहीच आम्हाला कोणी शिकवलेले नाही. सहीसाठी दिलेल्या कागदावर ‘नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहेत’ असा मजकूर आहे. उरलेले बिल भरल्याशिवाय रुग्ण सोडणार नाही, असेही बिलाच्या खिडकीवर सांगितले. घरी आई एकटी असते, मी सुरतेला नोकरीला आहे, बहीण शहाद्याला सासरी असते. डिस्चार्ज नाकारता येतो का, आणि घरच्या शुश्रूषेची जबाबदारी कायद्याने कोणाची?

वकील, धुळे
त्या मजकुरावर सही करू नका. डिस्चार्जचा निर्णय डॉक्टरांचा असताना तो तुमच्या हट्टाने झाला असे लिहून दिलेत, तर उद्या काही बिघडल्यास ग्राहक आयोगापुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. ‘डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला, घरच्या काळजीचे प्रशिक्षण अद्याप मिळालेले नाही’ असे आपल्या हाताने लिहा, मग तारीख-वेळ टाकून सही करा आणि प्रत घ्या.

रुग्णालयात राहण्याची वैद्यकीय गरज संपली असेल तर डिस्चार्ज कायमचा नाकारता येत नाही. पण घाईने, सूचनांशिवाय घरी पाठवणे हा निष्काळजीपणा ठरू शकतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत आजाराविषयीचे शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि बिलाच्या वादावरून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही हेही त्यात स्पष्ट आहे. बाकी रक्कम दिवाणी मार्गाने वसूल करण्याचा रुग्णालयाला अधिकार आहे, म्हणून बिलाच्या हमीपत्रावर कोण सही करतो ते विचार करून ठरवा. सही करणारा जामीनदार ठरू शकतो. तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावी.

आता जबाबदारीचे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत औषधोपचारही येतो, आणि मुलगा व मुलगी दोघांवरही, मुलगी विवाहित असली तरी, ती जबाबदारी आहे. सून मात्र ‘अपत्य’ या व्याख्येत नाही. न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांचे असते व ते महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरवू शकते. मात्र स्वतःच्या हाताने शुश्रूषा करा किंवा नोकरी सोडा, असा आदेश हा कायदा देत नाही. ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडून जाणे हा गुन्हा आहे (तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही), त्यामुळे ‘आम्ही नेतच नाही’ असे म्हणून निघून जाऊ नका.

वॉर्ड सिस्टर, निवृत्त
वकिलांनी कायदा सांगितलाच आहे. मी त्या वॉर्डात उद्या काय घडायला हवे ते सांगते. आई किंवा तुम्ही, जो कोणी वडिलांजवळ राहणार असेल, त्याने सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा तरी नळीतून आहार द्यावा. आहार देताना व नंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि देण्याआधी नळीवरची खूण नाकपुडीपाशी तीच आहे ना, हे पाहायचे. खूण सरकली असेल किंवा खोकला लागला असेल, तर काहीही घालू नये. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. कॅथेटर कोणत्या तारखेला बदलायचे, ते कोण बदलणार, आणि ताप, गढूळ लघवी किंवा धाप दिसल्यास कोणाला फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावरच लिहून मागा. तोंडी सांगितलेले रात्री कोणालाच आठवत नाही. माझ्या मते हे नाही झाले तर एक दिवस थांबवण्याची मागणी अगदी रास्त आहे, आणि ती लेखी करा.

केळीबाग, रावेर
आमच्या सासऱ्यांच्या वेळी भावंडांनी खर्चाची वाटणी आधीच कागदावर करून घेतली आणि दिवसभराच्या मदतीसाठी एक बाई ठेवली, म्हणून सासूबाई खचल्या नाहीत. वडिलांचे वय 70 च्या पुढे आहे, त्यामुळे उत्पन्नाची अट न पाहता आयुष्मान कार्ड निघते. पुन्हा दाखल करायची वेळ आलीच, तर योजनेत असलेले रुग्णालय आत्ताच पाहून ठेवा.

गिरणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. बहिणीशी आजच बोललो. खर्च दोघे वाटून घेणार आहोत. नळीचे प्रशिक्षण मिळेपर्यंत डिस्चार्ज पुढे ढकलावा, असा अर्ज उद्या सकाळी देतो आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घेतो.