शब्दचर्चा : टाक्यातली गाठ, ‘दुर्बीण’ आणि ‘काढणे’

विचारणा (खानापूर) : वैनींचं सिझर होऊन काही वर्षं झाली. टाक्याच्या कडेला सुपारीएवढी गाठ आलीय. पाळी जवळ आली की ‘टाका दुखालाय’ म्हणतात. रिपोर्टवर ‘ॲब्डॉमिनल वॉल एंडोमेट्रिओसिस’ आहे आणि डॉक्टर म्हणाले, ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ उपचारही होतात. आईला मराठीत कसं सांगू? ‘पोटातली गाठ, दुर्बिणीचं ऑपरेशन’ चालेल का?

उत्तर : दोन्ही शब्द टाळा. ‘पोटातली गाठ’ म्हटलं की आई आतड्याचा नाहीतर गर्भाशयाचा कॅन्सर धरून बसतील. ही गाठ पोटाच्या भिंतीत असते, म्हणजे कातडीखालच्या चरबीत, स्नायूंवरच्या पडद्यात, कधी स्नायूतच. ‘टाक्यातली गाठ’ हा शब्द नेमका बसतो.

‘एंडोमेट्रिओसिस’ तसाच ठेवा, अर्थ मात्र सांगा : गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्या जागी रुजणं. सिझरच्या वेळी त्याच्या पेशी जखमेत राहतात आणि तिथंच वाढतात, असं मानतात. पाळीच्या संप्रेरकांना ते अस्तर तिथंही दाद देतं, म्हणून बहुधा महिन्याच्या महिन्याला दुखतं. काहींना मात्र सततही दुखतं. ‘पाळीला दुखतं’ हे दोन शब्द दवाखान्यात आवर्जून सांगा, नाहीतर अंतर्गळ किंवा आत राहिलेला दोरा समजून वेळ जातो. नर्स कन्नड बोलणारी असेल तर ‘मुट्टिन समयदल्लि नोवु’ म्हणा. (‘मुट्टु’ म्हणजे पाळी आणि स्पर्शही. आपल्याकडे पाळीत ‘शिवायचं नाही’ म्हणत, तीच जुनी शिवाशिव दोन्ही भाषांत आहे.)

आता ‘दुर्बीण’. आपल्या बोलण्यात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटाच्या पोकळीत कॅमेरा घालून केलेलं. ही गाठ त्या पोकळीच्या बाहेर असते, त्यामुळं तो शब्द इथं दिशाभूल करतो. ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ म्हणजे कमीत कमी चिरफाडीचं : इथं सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत बाहेरून सुई थेट गाठीत घालतात. क्रायोॲब्लेशन म्हणजे ‘सुईनं गोठवणं’ : सुईतून आर्गॉन वायू फिरवला की टोकाभोवती बर्फाचा गोळा धरतो, आणि तो किती वाढला ते मशीनच्या पडद्यावर दिसतं. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह म्हणजे ‘सुईनं जाळणं’. हायफूमध्ये सुईही नसते, ध्वनिलहरी बाहेरून एका बिंदूवर एकवटून गाठ जाळतात. त्याला ‘शेकणं’ म्हणू नका, आई गरम पाण्याची पिशवी समजतील.

सगळ्यात जपायचं ते क्रियापद. ऑपरेशनमध्ये गाठ भोवतालच्या सुमारे 1 सेंटिमीटर निरोगी भागासकट ‘काढतात’, स्नायूंवरच्या पडद्याला मोठं भोक पडलं तर जाळी बसवतात. वरच्या उपचारांत गाठ काढत नाहीत, जागेवरच ‘मारतात’. मग ती काही महिन्यांत हळूहळू आक्रसते. घरी ‘गाठ काढली’ असं सांगितलंत आणि आठवड्यानं हाताला लागली, तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागेल. शिवाय तपासायला तुकडा हाती येत नाही, म्हणून आधीच सुईनं नमुना घेऊन निदान पक्कं करणं फार गरजेचं आहे.

विचारणा : मग ‘बिनटाक्याचं’ म्हटलं तर?

उत्तर : म्हणा, पण ‘बिनत्रासाचं’ नव्हे. भूल लागते, नंतर काही दिवस दुखू शकतं, गाठ कातडीलगत असेल तर कातडी भाजू किंवा गोठू शकते. आतडं जवळ असेल तर मध्ये सलाईन सोडून त्याला दूर सारतात. मोठी, खोलवर पसरलेली गाठ असली तर मी ऑपरेशनच्याच बाजूचा. हार्मोनच्या गोळ्यांना ‘औषधानं बरी होते’ म्हणू नका, त्यांनी दुखणं दबतं, गाठ बहुधा राहतेच.

आणखी एक शब्द लक्षात असू द्या : सुईचं हे काम करणारे ते ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट’. नुसतं ‘सोनोग्राफीवाले’ विचारत गेलात तर तपासणी करून परत पाठवतील. बेळगावात चौकशी करताना हाच शब्द वापरा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सोबत विचारा.