रेडपाथला जन्मभर हद्दपारी: न्याय की फक्त कारकुनावर राग?

दादरकर:
लिओपोल्ड रेडपाथ लंडनच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत शेअर नोंदणीच्या खात्यात कारकून होता, मग तिथलाच रजिस्ट्रार झाला. रजिस्टरमधले आकडे वाढवायचे, खोट्या नावांवर शेअर दाखवायचे, खोट्या सह्यांचे ट्रान्सफर (शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद) करून ते बाजारात विकायचे असं त्याने वर्षानुवर्षं केलं. दोन लाख पौंडांच्या वर रक्कम गेली. 1856 ला पकडला, जानेवारी 1857 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली फौजदारी कोर्टाने जन्मभर हद्दपारी दिली आणि 1858 ला एडविन फॉक्स जहाजातून पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला रवानगी (हे जहाज 1853 चं, आपल्या कलकत्त्यात बांधलेलं).
आता हे बघा. त्याच 1856 ला रॉयल ब्रिटिश बँक बुडाली, डायरेक्टरांनी लोकांना खोटे हिशोब दाखवले होते, 1858 ला दोषी ठरले आणि जास्तीत जास्त शिक्षा किती तर एक वर्ष कैद. मला हा उघड अन्याय वाटतो.

हिशोबनीस:
अजिबात पटलं नाही. मी आयुष्यभर लेजर सांभाळलेत. ज्याच्या हातात रजिस्टर आहे त्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास टाकतात, आणि हा माणूस त्या पैशावर रीजंट्स पार्कला, लंडनच्या श्रीमंत वस्तीत, घर करून राहत होता, वर दानशूर म्हणून मिरवत होता. 1837 पर्यंत काही प्रकारच्या खोट्या दस्तांसाठी इंग्लंडात फाशीची शिक्षा होती, त्या मानाने हा सुटलाच म्हणा. आणि मोठ्यांना सोडतात हेही अर्धवट आहे, 1855 मध्ये स्ट्रॅहन, पॉल आणि बेट्स या तीन बँकरांना, त्यातला पॉल तर बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरागत किताबवाला, ग्राहकांचे रोखे विकून खाल्ले म्हणून प्रत्येकी 14 वर्षं हद्दपारी झाली होती ना?

दादरकर:
14 वर्षं आणि जन्मभर यात फरक आहे की नाही साहेब?

कोर्टकचेरी:
थोडं कायद्याचं बोलते. पहिलं म्हणजे रेडपाथचा गुन्हा बनावट ट्रान्सफरचा, निव्वळ अपहाराचा नाही. पण अपहाराचा इंग्लिश कायदा जन्मलाच मुळी कारकुनामुळे. 1799 ला बझेली नावाच्या बँक कारकुनाने ग्राहकाने भरायला दिलेली 100 पौंडांची नोट खिशात घातली. न्यायाधीश म्हणाले ही चोरी होत नाही, कारण नोट बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, तो सुटला. मालक लोक हादरले, त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला: कारकून किंवा नोकराने मालकासाठी घेतलेले पैसे खाल्ले तर 14 वर्षांपर्यंत हद्दपारी. कंपनीच्या डायरेक्टरांना धरणारा कायदा आला 1857 ला!! म्हणजे 58 वर्षं वाट बघितली. दादरकरांच्या मुद्द्यात दम आहे.

हिशोबनीस:
ताई, मग आपल्याकडचंही सांगा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत (2024 ला तिच्या जागी न्याय संहिता आली) कलम 408 खाली कारकुनाला विश्वासघातासाठी 7 वर्षांपर्यंत कैद, आणि 409 खाली सरकारी नोकर, बँकर, एजंट यांना जन्मभर काळं पाणीसुद्धा. इथे तर मोठ्याला जास्त शिक्षा लिहिली होती.

कोर्टकचेरी:
बरोबर, आणि लिहिणारे इंग्रजच, म्हणजे असं लिहिता येतं हे त्यांना कळत होतं. पण 409 मध्ये सरकारी नोकर म्हणजे ट्रेझरीतला साधा कारकूनही आला, त्यालाही तीच जन्मभराची टांगती तलवार. 1955 च्या दुरुस्तीनंतर त्या जागी जन्मठेप आली.

सिंधुदुर्गचा:
तुम्ही सगळे वर्षं मोजताय, घरच्यांचं कोणीच बोलत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वसाहतवाल्यांनी स्वतःहून कैदी मागितले होते, मजूर मिळत नव्हते म्हणून. 1850 ते 1868 पर्यंत साडेनऊ हजारांच्या वर कैदी पाठवले, सगळे पुरुष, एकही बाई कैदी नाही. बायकापोरं इंग्लंडात मागे राहिली. खाल्लेला पैसा यातून कोणाला परत मिळाला? रस्ते आणि पूल वसाहतीला मिळाले.

हिशोबनीस:
ज्यांनी बनावट शेअर खरे समजून घेतले त्यांनाही बायकापोरं होतीच की.

दादरकर:
होती, मान्य. पण त्यांचं नुकसान एकट्या रेडपाथने केलं नाही. कंपनी खऱ्या भांडवलावर बसतो त्यापेक्षा जास्त लाभांश वाटत होती, आणि ते शोधायचं काम डायरेक्टरांचं आणि ऑडिटरांचं होतं. वर्षाला काहीशे पौंड पगाराचा माणूस रीजंट्स पार्कला राहतो तर पैसा येतो कुठून हे विचारायलाही हिशोबनीस लागत नाही. त्याला शिक्षा नको असं मी म्हणत नाही, पण ज्यांनी डोळेझाक केली त्यांच्यातला एक तरी त्या जहाजावर चढला का, एवढं सांगा.