दुसरीच्या मुलांसाठी 'सस्तन'ला दुसरा शब्द आहे का?

पौडरोडच्या बाई
संगणकाच्या तासाला दुसरीच्या मुलांसाठी एक खेळ तयार करतेय. पडद्यावर वर प्राण्यांची चित्रं, खाली दोन टोपल्या. चित्र ओढून टोपलीत टाकायचं. बरोबर असेल तर घंटी वाजते, नसेल तर चित्र आपलं आपण जागेवर जातं. डाव्या टोपलीवर 'सस्तन प्राणी' लिहिलं होतं. एका सहशिक्षिकेनं शब्द बदलायला लावला. पालक काय म्हणतील, हे कारण. मग 'दूध पिणारे प्राणी' लिहिलं, तर एका मुलानं पहिल्याच झटक्यात नाग उचलून त्या टोपलीत टाकला. चित्र परत गेलं, त्यानं पुन्हा टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, नागपंचमीला पितो की!" साप दूध पीत नाही, ते त्याला पचतही नाही, हे समजावण्यातच तास संपला. या वयात मुलं अडखळत वाचतात, म्हणून सूचना आवाजात रेकॉर्ड करायच्या आहेत. तेव्हा ऐकताक्षणी कळेल असा शब्द हवाय.

आजीचा नातू
'पिणारे' काढा, 'पाजणारे' घाला. नाग पिवो न पिवो, पाजत तर नाही ना?

पक्षीमित्र धायरी
'पाजणारे' म्हटलं की कबूतर आत आलंच म्हणून समजा. कबुतराच्या गळ्याखालच्या पिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि नर-मादी दोघंही तो पिल्लांना देतात. इंग्रजीत त्याला सरळ कबुतराचं दूधच म्हणतात. पुण्यात खिडकी तिथे कबूतर, एखादं पोर विचारणारच.

आजीचा नातू
चोचीनं देतात त्याला भरवणं म्हणतात. पाजायला अंग लागतं. आमच्याकडे बाळंतिणीची चौकशी करताना बायका 'अंगावर पाजतेस ना?' असंच विचारायच्या. 'पोरगं अजून अंगावर पितंय' हेही रोजचं बोलणं. मग 'अंगावर पाजणारे प्राणी' का नको? दुसरीतल्या मुलाला धाकटं भावंड असेल तर त्यानं हे घरात बघितलेलं असतं.

सदाशिवकर
शब्द असताना दुसरा का शोधायचा? सचित्र, सजीव, सकुटुंब यांतला 'स' मुलांच्या कानावरून गेलेला असतो. सजीव-निर्जीव तर त्यांना शिकवतातच. तसंच सस्तन. पुढच्या इयत्तांत हाच शब्द येणार, मग आज एक आणि उद्या दुसरा कशाला? आणि 'स्तन' शब्दाची लाज मोठ्यांना वाटते, सात वर्षांच्या मुलाला नाही. ती लाज आपणच त्याला शिकवतो. ज्यांना संस्कृतच हवं, पण हा शब्द नको, त्यांच्यासाठी 'जरायुज' आहेच. जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज ही आपली जुनी विभागणी.

भोरकर
जरायुज म्हणजे वारेतून जन्मणारे. मुलांना तुम्ही 'पिल्लांना जन्म देणारे' असंच सांगणार ना? मग घोणशीचं काय करणार? घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. हरणटोळही तसाच. आमच्या भागातल्या पोरांना हे ठाऊक असतं. तुमच्या खेळात घोणस सस्तनांत जाईल.

अनुवाद करते
या शब्दाचा मूळ वाद युरोपातलाच आहे. प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या वर्गाला स्तनांवरून नाव दिलं. आधी त्याच वर्गाला तो 'चतुष्पाद' म्हणत होता आणि देवमाशाला माशांत टाकत होता. केसांवरून नाव देता आलं असतं, कारण केस नर-मादी दोघांनाही असतात. पण लिनियस स्वतः वैद्य होता, मुलांना दाईकडे न देता आईनंच पाजावं असं लिहिणारा. त्याचं मत नावात उतरलं, असं काही अभ्यासक मानतात. आपण त्याचं संस्कृत केलं, हिंदीवाल्यांनी 'स्तनधारी' आणि 'स्तनपायी' केलं.

पौडरोडच्या बाई
केसांचा मुद्दा माझ्या कामाचा आहे. काल एका मुलीनं मांजर बरोबर टाकली आणि लगेच विचारलं, "बोका पाजत नाही, मग तो कुठल्या टोपलीत?" पाजण्यावरून नाव ठेवलं की हा प्रश्न येणार. केस म्हटलं तर बोका सुटतो, पण देवमासा अडतो. त्याला जेमतेम काही राठ केस असतात, ते चित्रात कुठे दाखवू?

आजीचा नातू
बोक्यालाही त्याच्या आईनं अंगावर पाजलेलंच असतं. म्हणून 'अंगावर प्यालेले' म्हणा, बाप्येही आत येतील. आणि प्लॅटिपस घ्या. तो अंडी घालतो, मादीला स्तनाग्रं नसतातच, दूध कातडीतून झिरपतं आणि पिल्लं ते चाटतात. तिथे 'सस्तन' अडखळतो, 'अंगावर' अडखळत नाही.

सदाशिवकर
एका ऑस्ट्रेलियन प्राण्यासाठी रुळलेली संज्ञा मोडायची? आणि 'अंगावर प्यालेले प्राणी' हे कोणत्या पाठ्यपुस्तकात शोभेल? घरात बोलतो ते सगळं वर्गात चालत नाही.

आजीचा नातू
घरात बोलतो ते वर्गात चालत नाही, म्हणूनच मुलं वर्गात गप्प बसतात.

पौडरोडच्या बाई
शब्द आधी की प्राणी आधी, यावर माझं मत आता पक्कं होत चाललंय. टोपल्यांवर काहीच लिहायचं नाही. डावीवर पिल्लाला पाजणारी शेळी, उजवीवर अंड्यांवर बसलेली कोंबडी, एवढंच. चित्र चुकलं की नुसतं परत पाठवायचं नाही, त्या प्राण्याची पिल्लं काय करतात ते छोट्या फितीत दाखवायचं. घोणशीची पिल्लं जन्मताच आपल्या वाटेनं निघून जातात, तिथे पाजणं नाही, हे मुलाला दिसेल. सगळं झाल्यावर सांगायचं, यांना सस्तन म्हणतात. स्पष्ट उच्चारून, न लाजता.

खरा घोळ नावांचा आहे. आवाज 'देवमासा' म्हणाला की निम्मा वर्ग त्याला माशांकडे ढकलतो. नाव ऐकलं, विषय संपला! नाव बंद केलं आणि दोन शेपट्या शेजारी हलवून दाखवल्या, माशाची डावी-उजवीकडे आणि देवमाशाची वर-खाली, की थबकून बघतात. खवले मांजराचं उलटं. नावात मांजर आहे म्हणून बरोबर टोपलीत टाकतात, खवल्यांकडे बघतसुद्धा नाहीत. ती खवलं आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात, हे सांगितल्यावर सगळ्यांनी आपापली नखं तपासली.

अनुवाद करते
मग 'व्हेल' म्हणा ना. शहरातली मुलं तेच म्हणतात.

सदाशिवकर
अजिबात नको. २०२३ साली गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा गावकऱ्यांच्या तोंडी देवमासाच होता. मासा नाही हे शिकवा, शब्द काढून घेऊ नका.

कर्वेनगर कॅरम
शेपट्या दाखवायची कल्पना पटली. पण रेकॉर्डिंगमध्ये 'चित्रावर टिचकी मारा' म्हणू नका. आमच्या शाळेत एका मुलानं कॅरमची सोंगटी मारावी तशी मॉनिटरच्या काचेवर नखानं खरीखुरी टिचकी मारली होती. टिचकी म्हणजे अंगठ्यात बोट अडकवून सोडणं. क्लिकला टिचकी कोणी ठरवलं?

सदाशिवकर
रुळलाय तो शब्द. किती वर्षं छापतोय आपण.

कर्वेनगर कॅरम
छापतोय, बोलत नाही. मुलं 'क्लिक कर' म्हणतात. टॅबवर तर 'दाब' म्हणतात, खरं तर बोट टेकवायचं असतं.

भोरकर
बाई, वाघळं घेतलीत का? लहान वाघूळ घेतलंत तर 'पाकोळी' म्हणा, आमच्याकडे तेच नाव. संध्याकाळी घरात शिरते ती.

पक्षीमित्र धायरी
पाकोळी हा पक्षी आहे. पुलांखाली घरटी करते, उडता उडता किडे पकडते, आणि तिला तारेवर बसता येत नाही. वटवाघळाला पाकोळी म्हणाल तर मुलं त्याला पुन्हा कोंबडीच्याच टोपलीत टाकतील.

भोरकर
माझ्या घरात शिरते तिला दात आहेत, मी हातात धरून पाहिलंय. पक्ष्याला दात कधीपासून आले?

पक्षीमित्र धायरी
प्राणी वाघूळच असेल, नाव चुकीचं आहे. पक्ष्यांच्या पुस्तकांत पाकोळी कुणाला म्हणतात ते बघा.

भोरकर
पुस्तकं नंतर आली. आमच्या गावात दोघींना पाकोळीच म्हणतात, आणि कुणाचा गोंधळ होत नाही. मावळात, मुळशीत काय म्हणतात ते तिकडच्यांनी लिहावं.