आठ-दहा खाटांच्या रुग्णालयांना सांडपाण्यात सूट हवी का?

बोळकर: आमच्या बोळात आठ खाटांचं रुग्णालय आहे. लॅबच्या बेसिनचा पाइप भिंतीतून निघून थेट उघड्या गटारात. पाणी कधी गुलाबी, कधी जांभळं. पुढे नाला, नाल्याकाठी पालक-मेथीचे वाफे. विचारलं तर म्हणतात, "आम्ही छोटे, आम्हाला नियम नाही." धादांत खोटं! २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत दहापेक्षा कमी खाटांना सांडपाण्याच्या निकषांसाठी नंतर फक्त मुदत मिळाली होती, ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत.

तालुका_डॉक्टर: मुदत संपली, मान्य. पण माझा पेशंट तिसऱ्या दिवशी घरी जातो, उरलेल्या गोळ्या घरीच खातो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा बराच भाग लघवीतून जसाच्या तसा पडतो. मग घरोघरी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, बसवणार? हैदराबादजवळ पटानचेरूला औषध कारखान्यांचं पाणी 'शुद्ध' करणाऱ्या केंद्राच्या सांडपाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं होतं, २००७ चा अभ्यास. आधी त्यांना धरा की.

स्लाइडवाली: जांभळं ते स्लाइड रंगवल्याचं पाणी, मी रोज ओतते. डॉक्टरसाहेब, मेरोपेनेम, कोलिस्टिन ही शेवटच्या टप्प्यातली अँटिबायोटिक्स घरी कोण घेतं हो? ती आयसीयूत लागतात, आणि त्यांनाही न जुमानणारे जंतू त्याच पेशंटच्या पोटात. दोन्ही एकाच पाइपात येतात. २०११ च्या अभ्यासात दिल्लीत रस्त्याकडेच्या डबक्यांच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये जंतूंना मेरोपेनेमला न जुमानण्याची ताकद देणारं एनडीएम-१ जनुक निघालं, नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये.

तालुका_डॉक्टर: त्यातलं रुग्णालयाचं किती नि घराघरातलं किती, हे त्या आकड्यांवरून कळतं का? आणि माझ्याकडे आयसीयूच नाही.

ब्लोअरवाला: ईटीपी चालवतो, म्हणून बोलतो. "हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) ओतलं की झालं" हे डोक्यातून काढा. कॅन उन्हात राहिला की त्याचा जोर जातो, आणि रक्त-पू असला की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. नियमातली कसोटी माहितीये? पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी शंभरातले नव्वद मासे जिवंत हवेत. एका ठिकाणी (नाव नको) मी गप्पी सोडले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला एकही हलत नव्हता. मशीन नवंकोरं, पण पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद. का, तर लाइटबिल.

तालुका_डॉक्टर: बघा! मशीन घेऊनही हेच. माझ्याकडे आयाबाई एकच, ब्लोअर कोण बघणार? दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांची गाडी येते तसा सांडपाण्याला टँकर ठेवा, पैसे आम्ही भरतो.

बोळकर: टँकर येईल तेव्हा येईल. तोवर पाइप टाकीत तरी वळवायला सांगा ना तुमच्या मित्रमंडळींना. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या बरोब्बर वर आहे.