४५ हजारांत जुना स्कुबा सेट: घ्यावा की नव्यासाठी थांबावं?

रत्नांग्रीकर:
मंडळी सल्ला हवाय. ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स) झालंय, सीझनला तारकर्लीला जाणं होतंच, जमलं तर खाली कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला पण. गोव्यातला एक इन्स्ट्रक्टर काम सोडून गावी चाललाय, तो सेट काढतोय: रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र), ऑक्टोपस (अडचणीसाठीचा जादा माउथपीस), गेज, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), ३ एमएमचा वेटसूट, मास्क, फिन्स. ४५ हजार म्हणतोय. एवढंच नवं घ्यायला गेलो तर दुकानदार सव्वा लाखाच्या खाली बोलत नाही. माझं मत जुनंच घ्यावं, कारण डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतं ते तरी कुठे नवं असतं, दिवसभर दहा जण तेच तोंडात घालतात. विरुद्ध बोलायचंय त्यांनी खुशाल बोला पण कारण द्या.

देवबागचो:
रे बाबा किंमत ऱ्हवूदे बाजूक, सर्विस खय करतलस ता सांग. हय आमच्याकडे बोटीचा इंजिन खोलणारे शंभर मेळतले, रेग्युलेटर खोलणारो शोधूक जा. मुंबई नायतर गोवा. आणि खोलणारा मिळाला तरी त्या मॉडेलचा सुट्या भागांचा किट पाहिजे, तो नसला तर बाहेरून मागवा, त्यावर ड्युटी, आणि तोपर्यंत अर्धा सीझन गेला. मॉडेल कुठलं ते तू लिहिलंच नाहीस, आणि सगळ्यात आधी तेच विचारायला हवं होतं.

रत्नांग्रीकर:
स्कुबाप्रो एमके टू.

देवबागचो:
ता चलात. साधं पिस्टन आहे, आत हलणारे भाग कमी, जगभर भाड्याच्या सेटला तेच लावतात. पण सर्विस चुकत नाही हां.

गुहागरी_माणूस:
मी नव्याच्या बाजूने. सर्विसचा खर्च कोणीच धरत नाही. बहुतेक कंपन्या सांगतात की वर्षातून एकदा तपासणी करा आणि वर्षा-दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्ह झाल्या की पूर्ण सर्विस, जे आधी येईल ते. न वापरता ठेवलं तरी ओ-रिंग (रबरी कड्या) सुकतात, आतल्या व्हॉल्व्हच्या सीटवर खाच पडते, आणि आपल्याकडे तर पावसाळाभर सामान खाऱ्या दमट हवेत पडून असतं. मला गेल्या सीझनला फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला लागणारा भाग), सेकंड (तोंडात धरायचा भाग) आणि ऑक्टोपस मिळून साडेआठ हजार पडले, कुरिअर वेगळं. जुन्या सेटला हे पहिल्याच दिवशी लागणार, म्हणजे तुझे ४५ चे झाले साडेत्रेपन्न. त्यात होज (हवेच्या नळ्या) बदलायला लागले तर अजून. नव्याला निदान पहिलं वर्ष शांत जातं आणि वॉरंटी असते, ती पहिल्या बिलावर असते, तुझ्या हातात आलेल्या सेटवर नाही.

कणकवली_एक्सप्रेस:
अहो साडेत्रेपन्न धरा नाहीतर साठ धरा, सव्वा लाखाच्या निम्मंच ना? आणि तुमच्या नव्या सेटला पुढच्या वर्षी साडेआठ लागणार नाहीत का, तो काय सर्विसशिवाय चालणार? वर नवा सेट एकदा पाण्यात गेला की विकायला काढा, दुकानदाराने घेतलेल्या पैशातले किती परत येतात ते बघा. पहिला मोठा फटका पहिल्या मालकाने खाल्लेला बरा.

ठाणे_ते_तारकर्ली:
दोघंही चुकताय, भाड्याचंच बरं. स्वतःचं गियर आणलं तर काही सेंटर डाइव्हमागे चार-पाचशे कमी करतात, काही काहीच करत नाहीत. ५०० धरले तरी ४५ हजार वसूल व्हायला ९० डाइव्ह लागतात, आणि नुसत्या सर्विसच्या साडेआठ हजारांसाठी दरवर्षी १७. धागाकर्त्याने मनावर हात ठेवून सांगावं, होतात का वर्षाला १७? नोव्हेंबर ते मे एवढाच सीझन, त्यात पाणी गढूळ असलं की तो दिवस गेला. सव्वा लाखाच्या सेटचं तर बोलूच नका, २५० डाइव्ह. चांगल्या सिलिकॉनचा, चेहऱ्याला बसणारा मास्क नवा घ्या, फिन्स जुने चालतील, बाकी सेंटरचं.

रत्नांग्रीकर:
नाही होत १७. पण सगळं पैशात नाही ना मोजता येत. गेल्या खेपेला मला एका सेंटरवर जी बीसीडी दिली तिचं इन्फ्लेटरचं (हवा भरायचं) बटण दाबलं की आतच अडकायचं. पाण्यात ते अडकलं तर बीसीडी आपोआप फुगत राहणार आणि माणूस सुसाट वर, फुफ्फुसाचं काय होतं ते कोर्समध्ये शिकवतात. स्वतःचं असलं की निदान शेवटचं कोणी धुतलं ते माहीत असतं.

ठाणे_ते_तारकर्ली:
हा मुद्दा मान्य. पण मग जुन्या सेटचं शेवटचं कोणी धुतलं ते माहितीये का?

देवबागचो:
हां, आता खरा बोललास! इन्स्ट्रक्टरचो सेट म्हणजे रोजचो वापर, टॅक्सीचीच गाडी ती. बघायला जाशील तेव्हा रेग्युलेटरची धुळीची टोपी काढ आणि फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी बारीक जाळीचा धातूचा फिल्टर असतो तो उजेडात धर. स्वच्छ चकचकीत पायजे. हिरवट दिसला तर खारं पाणी आत गेलेलं, तांबूस दिसला तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज. मग होज दोन्ही टोकांना वाकवून बघ, प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते मागे सरकव, तडे तिथेच लपतात. बीसीडी गच्च फुगवून रात्रभर ठेव. सकाळी मऊ पडली तर कुठेतरी गळते. आणि बीसीडीचा खालचा हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह उघडून झटक, मिठाचे खडे पडले तर तो माणूस आतून कधी धूतच नव्हता.

गुहागरी_माणूस:
आणि सोबत सिलिंडर स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा. खांद्यावर हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचा) शिक्का किती जुना आहे ते बघा, शिवाय अमेरिकेत १९८८ च्या आधी ६३५१ मिश्रधातूचे जे ॲल्युमिनियम सिलिंडर निघाले त्यांच्या मानेला तडे जाण्याचा त्रास आहे. तसंही टँक आणि वजनं सेंटरच्या पैशातच येतात.

कणकवली_एक्सप्रेस:
वेटसूटचे पैसे पण वेगळे देऊ नकोस. त्याचं निओप्रीन (फोमसारखं रबर) खोल पाण्यात दाबून दाबून पातळ होतं, आणि आपल्या समुद्राला इतकं उबदार पाणी असताना नुसत्या रॅशगार्डवरही (पातळ, अंगाला चिकटणारा शर्ट) लोक उतरतात.

रत्नांग्रीकर:
काल फोटो मागवला. फिल्टर कडेला हिरवट आहे. तो म्हणतो ते नुसतं वरवरचं.

देवबागचो:
ता वरवरचा नसता. घेव नको.

कणकवली_एक्सप्रेस:
एवढ्यात सोडू नका. सर्विस आणि नवे होज वजा करून ३० ला मागा, एमके टूचे पार्ट मिळतात, हिरवट फिल्टर बदलता येतो. बॉडीला आत खड्डे पडलेत का ते मात्र खोलल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा सौदा टेक्निशियनने बघितल्यावरच.

गुहागरी_माणूस:
खोलून बघायचे पैसे कोण देणार?

रत्नांग्रीकर:
तेच अडलंय. ३० सांगितले, तो ४० च्या खाली येत नाही आणि खोलायचं म्हटलं तर तुमच्या खर्चाने खोला म्हणतो. आता फिन्स आणि बीसीडी तेवढी वेगळी देतोस का विचारलंय, उत्तर आलं की लिहितो.