व्यसन हा आजार, मग वहिनीने काय करायचं?

मुठाकाठची

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी एक लांबलचक पोस्ट ढकलली. दारू हा आजार आहे, पिणाऱ्याला दोष देऊ नका, चिडू नका, घरच्यांनी समजून घ्या, प्रेम द्या, डायबेटिसच्या पेशंटवर कुणी ओरडतं का, वगैरे. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. वर आमच्याच एका काकूंनी ती उचलून माझ्या वहिनीला पाठवली, "वाच गं, म्हणजे तुला त्रास कमी होईल" म्हणून. तेव्हापासून माझं डोकं सणकलंय.

माझा सख्खा भाऊ पितो. गटारीला मध्यरात्रीपर्यंत पितो आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. अख्खा श्रावण कोरडा, गणपतीत सोवळं नेसून आरतीला सगळ्यात पुढे, अथर्वशीर्ष तोंडपाठ, आणि विसर्जनाच्या रात्री मिरवणुका अजून लक्ष्मी रोडवरच असतात तोवर हा सुरू. म्हणजे बाप्पासाठी थांबता येतं, बायकोसाठी नाही. साहेबासमोर आजवर आवाज चढला नाही, हात फक्त घरात उठतो. माणूस बघून उसळणारा हा कुठला आजार? वहिनी पहाटे उठून पोळ्यांच्या ऑर्डरी करते, पैसे कणकेच्या डब्यात खाली दाबून ठेवते, तो तिथूनही काढतो, सकाळी ओट्यावर पीठ सांडलेलं दिसलं की तिला कळतं. पिणं ही त्याची निवड आहे. एकदा आजार म्हटलं की सगळं वहिनीवर येतं, तिने सेवा करायची, तिने समजून घ्यायचं, आणि चिडली तर तीच वाईट.

नाइटड्यूटी_सिस्टर

ताई, हात उचलण्याला माफी नाहीच, ते शंभर टक्के पटलं. पण आजार नाही असं सरसकट लिहू नका, त्यापायी लोक जीवाला मुकतात. घरचे म्हणतात ना की मनावर घेतलं तर सुटेल, खोलीत कोंडून ठेवू, चार दिवसात उतरेल. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली की आधी हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी काहींचं डोकं पूर्ण फिरतं. डिलिरियम ट्रेमेन्स. आमच्या वॉर्डातला एक पेशंट पांढऱ्या चादरीवरून मुंग्या वेचत होता, एकही मुंगी नव्हती, चिमटीत धरून एकेक ट्रेमध्ये टाकायचा आणि मला म्हणायचा सिस्टर, वर काहीतरी झाका, बाहेर येतायत. बायको शेजारी उभी होती, तिला ओळखत नव्हता. हे नाटक होतं का?

दारू मेंदूला मंद करते, रोज मिळायला लागली की मेंदू तिच्यावर मात करायला स्वतःला कायम चढ्या पट्टीत ठेवतो, मग दारू अचानक काढली की ती चढी पट्टी तशीच उरते. त्याला लिब्रियमसारख्या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, तेही ग्लुकोज चढवायच्या आधी, नाहीतर मेंदूला कायमचा फटका बसू शकतो. इच्छाशक्तीने फिट थांबत नाही. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आजारांच्या दहाव्या यादीत (आयसीडी-१०) दारूच्या व्यसनाला एफ १०.२ असा कोड आहे.

तर्कट_पेठवाला

कोड दिला म्हणजे आजार सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या यादीत १९७३ पर्यंत समलैंगिकताही होती. याद्या माणसंच करतात आणि माणसंच खोडतात.

आणि व्हिएतनामचं उदाहरण तुमच्यातलं कुणी कधी का काढत नाही? तिथल्या अमेरिकन सैनिकांतला साधारण पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी ते परत आल्यावर पाठपुरावा केला, तर त्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, आणि बहुतेकांनी काही उपचार घेतले नव्हते. हेरॉइन, दारू नव्हे. विमानात बसून घरी आल्यावर जो बरा होतो तो कसला आजार? कायदासुद्धा हेच म्हणतो. स्वतःहून पिऊन गुन्हा केला तर नशेत होतो ही सबब चालत नाही, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ८५ होतं, आता न्याय संहितेत २३. कुणी जबरदस्तीने किंवा नकळत पाजली असेल तरच सूट. ताईंचं म्हणणं बरोबर आहे.

फक्तआज

मी दारुडा आहे. आता पीत नाही, बरीच वर्षं झाली, तरी ओळख करून देताना असंच म्हणतो.

ताई, तुमच्या भावाचा श्रावण वाचून अंगावर काटा आला, कारण मीही श्रावण पाळायचो. आणि तोच माझा पुरावा होता! बायको काही बोलली की मी म्हणायचो, श्रावणात एक थेंब घेतो का, मग मी दारुडा कसा. विसर्जनानंतर पहिल्या रात्री एकच क्वार्टर ठरवून बसायचो आणि तिसऱ्या दिवशी मला कामावर काय झालं ते आठवत नसायचं. पहिला घोट घ्यायचा की नाही हे बऱ्याच वेळा माझ्या हातात होतं, दुसऱ्यापासून नव्हतं. पुढे पुढे पहिलाही हातातून गेला. शेवटच्या गणपतीत आरतीचं ताट धरलं तर निरांजन थरथरून तूप हातावर सांडलं, लोकांना वाटलं भक्तीने थरथरतोय.

पण आजार म्हटलं की सुटका होते हे कुणी सांगितलं? एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आमचा गट, त्याच्या बारा पायऱ्यांतली पहिली म्हणते की दारूपुढे आपण हतबल आहोत. ठीक. पण चौथी म्हणते स्वतःचा नैतिक हिशोब लिहून काढ, आठवी म्हणते ज्यांना दुखावलंस त्यांची यादी कर, नववी म्हणते जाऊन भरपाई कर. त्या यादीत माझ्या बायकोचं नाव पहिलं होतं. हतबल होतो आणि जबाबदारही होतो, दोन्ही एकत्र खरं आहे, तुम्हाला पटो न पटो.

क्लेमवाला

इथे सगळे तात्त्विक बोलतायत, मला एवढंच सांगा की आजार आहे तर इन्शुरन्स का देत नाही?

माझ्या वडिलांचं लिव्हर गेलं. दारू सोडून काळ लोटला होता. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं पूर्वी प्यायचे का, आईने भाबडेपणाने हो सांगितलं, डिस्चार्ज कार्डवर क्रॉनिक अल्कोहोलिक छापून आलं आणि क्लेम नामंजूर. कंपनीचं नाव लिहीत नाही. पॉलिसीत एक्सक्लुजन १२ बघा, बहुतेकांच्या पॉलिसीत असतं, दारू, ड्रग किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळले आहेत. आता २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उघडा. दारू आणि ड्रगच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत, आणि कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या. मग? कायद्याच्या पुस्तकात आजार आणि पैसे द्यायची वेळ आली की निवड?

निर्व्यसनी_कोथरूड

वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. माझा आणि बायकोचा प्रीमियम दरवर्षी वाढतो. दुसऱ्याने वीस वर्षं बारमध्ये बसून लिव्हर जाळायचं आणि ते आमच्या प्रीमियममधून भरायचं? अजिबात नाही.

क्लेमवाला

मग रोज वडापाव, तळलेलं खाऊन, शून्य चालून ज्यांना स्टेंट पडतात त्यांचे पैसे कोण भरतं? माझ्या वडिलांनी भरले तेव्हा तुम्हाला चाललं! हेल्मेट न घालता डोकं फोडून घेतात त्यांचे?

निर्व्यसनी_कोथरूड

वडापाव खाऊन कुणी बायकोला मारत नाही.

क्लेमवाला

माझ्या वडिलांनी कधी कुणावर हात उचलला नाही. तोंड सांभाळून लिहा.

नाइटड्यूटी_सिस्टर

भांडा, पण या क्लेमच्या भीतीने वॉर्डात काय होतं ते ऐका. पाय मोडलेला माणूस येतो. आम्ही विचारतो दारू घेता का, घरचे एका सुरात नाही म्हणतात, कारण कुणीतरी बाहेर सांगितलेलं असतं की हो म्हणाल तर क्लेम जाईल. ऑपरेशन नीट होतं. तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून, प्लास्टरसकट पलंगावरून उतरायला बघतो, चौघांनी धरावा लागतो, तेव्हा कुठे मुलगा कोपऱ्यात घेऊन हळूच सांगतो, सिस्टर, पप्पा रोज घेतात. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून गोळ्या चालू केल्या असत्या. भूल देणाऱ्यालाही हे माहीत असावं लागतं. त्यामुळे आजार की निवड हा वाद तुम्हाला गप्पांचा वाटत असेल, त्या एका उत्तरावर माणसाचा जीव टांगलेला असतो. कृपा करून डॉक्टरांपासून लपवू नका, क्लेमचं नंतर लढता येतं.

तर्कट_पेठवाला

दारू सुटतानाचा त्रास शारीरिक आजार आहे एवढं मी मान्य करतो. एवढंच. तो पंधरवड्यात आटोपतो. त्यानंतर सहा महिन्यांनी धडधाकट माणूस चालत दुकानापर्यंत जातो, पैसे मोजतो, बाटली घेतो, त्याला मी आजार म्हणणार नाही.

नदीपलीकडे

चालत जातो ना, मग ते दुकान तिथे कुणी आणलं यावर बोला की. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर वाईन शॉप आहे, संध्याकाळी पोरींना क्लासवरून येताना त्या गर्दीतून वाट काढावी लागते. या राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ पासून आहे, प्यायला परवाना लागतो, आणि परवाना देताना कारण काय तर आरोग्य राखण्यासाठी! तेच सरकार उत्पादन शुल्काचं टार्गेट वाढवतं. बायकांनी दुकान बंद करायचं ठरवलं तर उभी बाटली आडवी बाटली मतदान (आडवी म्हणजे दुकान बंद), त्यात हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. कामावरची बाई एका दिवसाची मजुरी बुडवून मतदानाला येणार का? पेठवाले, तुमच्या व्हिएतनामचा अर्थ उलटा आहे. ते सैनिक सुटले कारण त्या जागेतून बाहेर पडले, ना तो विकणारा, ना ती संगत. इथे माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून परत येतो तो त्याच तळमजल्यावर.

तर्कट_पेठवाला

हा मुद्दा बरा आहे. पण मग तो माझ्याच बाजूचा झाला, परिस्थिती बदलली की माणूस निवड बदलतो. मेंदू तोच.

फक्तआज

साहेब, जागा बदलली की दमाही कमी होतो, म्हणून दमा निवड होत नाही. आणि दुकानाचं म्हणाल तर ते लिहिणाऱ्याला माझा पाठिंबा. मी आजही घरी जाताना मागच्या गल्लीने जातो, लांब पडतं तरी.

मुठाकाठची

मी वहिनीबद्दल लिहिलं होतं. त्यावर इन्शुरन्स झाला, वडापाव झाला, व्हिएतनाम झालं. तिने काय करायचं हे अजून कुणीच सांगितलं नाही. सिस्टर, त्या मुंग्या वेचणाऱ्याला ट्रे होता, गोळ्या होत्या, चार माणसं होती. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला कुणी काही विचारलं का?

नाइटड्यूटी_सिस्टर

नाही विचारलं. आमच्याकडे तेवढी माणसंच नसतात. तुमचा राग बरोबर आहे.

फक्तआज

ताई, माझ्या बायकोचं सांगतो. ती माझ्या ऑफिसात फोन करून "त्यांना ताप आहे" सांगायची, माझी उधारी फेडायची, ओकलेलं पुसायची. मी केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी तिला सांगितलं की हे सगळं आता बंद करा. तापाचा फोन करायचा नाही, उधारी फेडायची नाही. तुम्ही त्यांची दारू आणली नाही, तुम्ही ती सोडवूही शकत नाही, तुम्ही आधी नीट झोपा, जेवा. प्रेम द्या म्हणणाऱ्या पोस्टमध्ये हे नसतं. येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, तिथे बायकांसाठी सहचरी म्हणून वेगळा गट चालतो. एएच्या जोडीने घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात. नवरा दारू सोडायला तयार असलाच पाहिजे अशी अट नाही, तो घरी पीत बसला असला तरी ती जाऊ शकते. आणि हात उचलत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात नवऱ्याला आजार आहे का हे कुणी विचारत नाही. आजारी माणसालाही घराबाहेर काढता येतं. माझ्या बायकोने मला काढलं होतं. त्यानंतरच मी गेलो.

निर्व्यसनी_कोथरूड

प्रीमियमबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण वडिलांबद्दल मी जे बोललो ते क्लेमवाल्यांना लागलं असेल तर शब्द मागे घेतो. दारू सोडल्यावर इतक्या काळानंतरचा क्लेम नाकारणं मलाही चुकीचं वाटतं. विमा लोकपालाचं ऑफिस पुण्यात आहे, तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते आणि त्यांच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. मुदत तपासा.

क्लेमवाला

नकाराचं पत्र मार्चचं आहे. म्हणजे अजून वेळ आहे. बघतो.

मुठाकाठची

आजार म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, आणि भावाच्या तोंडून तो शब्द आला तर मी त्याला दारातच उभा करीन. पण तापाचा फोन वहिनीही करते, आणि मागच्या महिन्यात तर तिच्या सांगण्यावरून तो मीच केला होता. तो आता होणार नाही. पैसे माझ्या खात्यात ठेवायचं तिला आजच सांगितलं, कणकेचा डबा बंद. सहचरीची चौकशी उद्या फोन करून करते, तिच्या ऑर्डरीचा दिवस आला तर त्या दिवशीच्या पोळ्या मी लाटीन. फक्तआज, तुमच्या बायकोने तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा घर कुणाच्या नावावर होतं? आमचं भावाच्या नावावर आहे.

फक्तआज

माझ्याच. त्या कायद्यात निवासाचा हक्क वेगळा आहे, घर कुणाच्या नावावर आहे यावर तो अवलंबून नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वहिनींनी आधी वकिलाशी बोलावं, भावाला न सांगता.