शब्दचर्चा: ‘मृदूकरण’ की आणखी काही?

पानगळ: न्यूमिक भाषांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. कोमँची, शोशोनी, यूट, पायूट अशा अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या भाषा. त्यांत दोन स्वरांमधला ‘प’ ढिला पडतो, ओठ पुरते मिटत नाहीत, ‘व’सारखा ऐकू येतो. ‘त’चा ‘र’ होतो. मी ‘मृदूकरण’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणे मृदू वर्ण म्हणजे ग, ज, द, ब. दुसरा शब्द सुचवा.

उंबरठा: बरोबर खोडलं. वाचक ‘प’चा ‘ब’ झाला असंच समजेल. ‘शिथिलीकरण’ घ्या.

कोकणमेवा: कशाला एवढं जड? ‘झीज’ म्हणा. आपल्याकडेही हेच झालंय. दीपचा दिवा, तापचा ताव. आमच्याकडे तर ‘दिवो’. पण सर्पचा साप, कारण मधे प्राकृतात ‘सप्प’ होतं. जोडीतला ‘प’ तगला, एकटा झिजला.

उंबरठा: वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या प्राकृत व्याकरणात सूत्रच आहे, ‘पो वः’, म्हणजे ‘प’चा ‘व’. पण त्यात काही झिजत नाही, उच्चार सैल होतो. पारिभाषिक शब्द नेमका हवा.

पानगळ: तिकडेही द्वित्त, म्हणजे जोडीतला ‘प’ तगतो, आणि अनुनासिकानंतरचाही. शोशोनीत दगडाला ‘तिम्पी’ म्हणतात. (‘ति’तला स्वर आपल्याकडे नाही, जवळचा लिहिलाय.) कोमँचीत तो ‘म्’ गळून ‘तिपी’ झालं, पण हा ‘प’ सैल पडला नाही. त्यामुळे तिथे स्वरांमधे ‘प’ही भेटतो आणि ‘व’सारखाही, दोन्ही वेगवेगळे. याला झीज कसं म्हणू?

दूरदेशी: भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९३३ साली लिहिलेलं आठवलं. दक्षिण पायूट बोलणाऱ्या टोनी टिलोहॅश यांना त्यांनी ‘पाण्यापाशी’ हा शब्द तोडून म्हणायला सांगितला. एरवीचा उच्चार ‘पावा’सारखा. ते म्हणाले ‘पा’, थांबले, आणि पुन्हा ‘पा’. बोलणाऱ्याच्या मनात तो ‘प’च होता! मला तर ‘सैलावणे’ आवडेल.

कोकणमेवा: थांबा, ‘पा’ म्हणजे पाणी? मग आपलं पाणी आणि त्यांचं…

उंबरठा: नाही हो. आपलं ‘पानीय’वरून, म्हणजे पिण्याजोगं. नुसत्या एका अक्षरावरून नातं जोडू नका.

कोकणमेवा: बरं. पण जेवणावर ताव मारतो तो ‘ताप’चाच ना? आणि कागदाचा ताव?

दूरदेशी: कागदाचा वेगळा असावा. मिशीला देतात तो कुठला?